ताराबाई मोडक : हातांतल्या बुद्धीची पारख

परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी गुणपत्रिका उघडली जाते आणि मुलाच्या बुद्धीचा निवाडा तेथेच होऊन जातो. ज्याचे पाठांतर चांगले आणि ज्याला लिहिता-बोलता येते तो हुशार ठरतो. उरलेल्यांच्या कपाळी 'मठ्ठ' हा शिक्का बसतो. हाच मठ्ठ ठरलेला मुलगा घरातील बिघडलेली शिवणयंत्राची मांडणी खोलून पुन्हा जशीच्या तशी बसवतो. एखादी मुलगी कापडाकडे नुसते पाहून त्यातून दोन कुडते निघतील की अडीच, हे अचूक सांगते. याला आपण 'हातचलाखी' म्हणतो, फार तर 'हुनर' म्हणतो, पण बुद्धी म्हणत नाही. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी आपल्या समाजातील किती मुले शाळेतून अकाली बाहेर पडली असतील, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा अशी वेळ आली आहे.

वस्तूचा आकार, तिची जागा, दिशा व अंतर मनात धरणे आणि ती वस्तू मनातल्या मनात फिरवून, उलटवून, जोडून पाहणे या शक्तीला मानसशास्त्रज्ञ अवकाशीय क्षमता असे म्हणतात. ही शक्ती शब्दांत सापडत नाही. ती डोळ्यांत आणि हातांत दिसते. ती पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राच्या बालशिक्षणाला ज्या थोर स्त्रीने दिली, त्या ताराबाई मोडक यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे सुधारक. विधवाविवाह हे घोर पाप समजले जाण्याच्या त्या काळात त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. अशा घरात वाढल्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न ताराबाईंच्या बाबतीत उद्भवलाच नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास एका लहान मुलीची जबाबदारी घेऊन त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईने असे उभे राहणे म्हणजे काय, हे आजच्या मुलींनी कल्पनेनेच जाणावे.

उपजीविकेसाठी त्यांनी राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. मानाची आणि चांगल्या पगाराची जागा होती ती. परंतु तेथे असतानाच भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिराची माहिती त्यांच्या कानी आली. वकिली सोडून लहान मुलांत रमलेल्या गिजुभाईंनी १९२० साली हे बालमंदिर सुरू केले होते. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती आणि मुलांना धाक नव्हता. ताराबाईंनी ते काम पाहिले आणि प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला दाखल झाल्या. सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली आणि 'शिक्षणपत्रिका' हे मासिक पालकांशी बोलू लागले. पुढे तिच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले.

गिजुभाईंच्या बालमंदिरामागे इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांचे शास्त्र होते. १९०७ साली रोम शहरातील एका गरीब वस्तीत माँटेसरीबाईंनी पहिले बालगृह उघडले. लहान मूल ऐकून शिकत नाही, ते हाताळून शिकते, हा त्यांच्या पद्धतीचा पाया. त्यासाठी त्यांनी खास साधने घडवली. एका लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्या प्रत्येक खाचेत नेमका बसणारा एकेक दट्ट्या, अशा चार पेट्या. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणाऱ्या दहा घनांचा मनोरा. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांचे तुकडे आपापल्या चौकटीत बसवण्याची पेटी.

ही साधने नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला तर शेवटी एक दट्ट्या उरतो किंवा बसत नाही. चूक झाली हे बाईंनी सांगावे लागत नाही. ती चूक मुलाला स्वतःलाच दिसते आणि ते पुन्हा मांडू लागते. त्या वेळी बाईंनी करायचे काम एकच : शांत बसून पाहणे. कोणते मूल एकेक दट्ट्या सगळ्या खाचांत घालून पाहते, कोणते मूल आधी डोळ्यांनी माप घेते आणि मग हात उचलते, कोणते कालपेक्षा आज पुढे गेले, या सर्वांची नोंद मनात व वहीत होत असे. गुण नाहीत, क्रमांक नाही, नापासही कोणी नाही. तरीही मुलाच्या शक्तीची खरीखुरी पारख मात्र होत असे. ताराबाईंनी आयुष्यभर जो अभ्यास केला तो या पाहण्याचा.

१९३२ च्या सुमारास त्यांनी भावनगर सोडले आणि १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही त्याला जोडले. शिशुविहार नावारूपाला आले. परंतु तेथे येणारी मुले सुखवस्तू घरांतील होती. ज्यांच्या घरी पाटी नाही, पुस्तक नाही, कधी कधी चूलही पेटत नाही, त्या मुलांचे काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. वयाची पन्नाशी उलटलेली, मुंबईत नाव झालेले. अशा वेळी माणूस विश्रांतीचा विचार करतो. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीची वाट धरली.

बोर्डी हे त्या काळी ठाणे जिल्ह्यातील आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यातील, डहाणू तालुक्याचे समुद्रकाठचे गाव. लांबच लांब किनारा, सुरूची झाडे, चिकूच्या वाड्या, जवळ घोलवडचे रेल्वे स्टेशन. गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल येथे १९२० पासून चाललेले आणि आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षक तेथे नांदलेले, त्यामुळे शिक्षणाचे वारे गावाला नवे नव्हते. पण गावाच्या कडेला राहणारी गरिबांची आणि पाड्यांवरील वारली आदिवासींची लहान मुले या वाऱ्यापासून दूरच होती. त्यांच्यासाठी ताराबाईंनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. १९१० साली जन्मलेल्या, बालपणीच विधवा झालेल्या आणि शिक्षिकेची नोकरी करीत असलेल्या अनुताईंनी ताराबाईंना जी साथ दिली ती अखेरपर्यंत.

बालवाडी उघडली, पण मुले येईनात. घरची माणसे मजुरीला जात, मोठी भावंडे धाकट्यांना सांभाळीत किंवा गुरे राखीत. शाळा हा प्रकार त्यांच्या जगण्यात बसतच नव्हता. दुसरे कोणी असते तर या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही म्हणून हात झटकून मोकळे झाले असते. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळेने मुलाच्या दारात जावे. पाड्यावर जायचे, एखाद्या घरासमोरचे अंगण झाडायचे, मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. या अंगणात भरणाऱ्या शाळेला नाव पडले अंगणवाडी. आज देशभर प्रत्येक खेड्यात ऐकू येणारा हा शब्द बोर्डीच्या मातीतून वर आला आहे.

साधनांचा प्रश्न असाच सुटला. माँटेसरीची लाकडी साधने महाग. अंगणात ती आणायची कोठून? परंतु बोर्डीच्या किनाऱ्यावर शंखशिंपल्यांना तोटा नव्हता. खडे, बिया, पाने, फुले, काटक्या आणि माती ही फुकटची साधने होती. लहानमोठे शिंपले क्रमाने मांडायचे, सारख्या आकाराच्या बिया निवडायच्या, काटक्यांचे त्रिकोण-चौकोन करायचे, मातीचे प्राणी घडवायचे. शास्त्र तेच राहिले, फक्त सामान मुलांच्या ओळखीचे झाले. आणि जी मुले परक्या माणसापुढे तोंडातून शब्द काढीत नसत, त्यांचे हात मात्र बोलू लागले.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आदिवासी मुलांसाठी अनेक प्रयोग झाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा हा त्यांतलाच एक. हा सारा वारल्यांचा मुलूख. लग्नाच्या वेळी घरातील स्त्रिया गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन एवढ्या तीन आकारांतून डोंगर, झाडे, माणसे, नाच, शिकार, सारे जग त्या भिंतीवर उभे राहते. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस होतो. याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली आणि २०११ साली ते पद्मश्री झाले. ज्या घरांत आकारांची अशी जाण पिढ्यान् पिढ्या नांदते, त्या घरांतील मुलांना केवळ वाचता येत नाही म्हणून बुद्धी नाही असे कोण म्हणेल?

पण नेमके तसेच म्हटले जात होते. ताराबाई हे काम करीत असताना जगात बुद्धीची मापे तयार होत होती. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने यांनी पहिली बुद्धिमापन कसोटी केली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तिच्या धर्तीवर मराठी व कानडी मुलांसाठी कसोटी तयार केली आणि तिच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. या कसोट्यांचा उपयोग मोठा होता, पण त्यांत शब्दांचा भाग फार. अशी कसोटी कशी चुकते याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. १९२१ साली कॅलिफोर्नियात टर्मन यांनी असामान्य बुद्धीची मुले निवडण्यास सुरुवात केली. विल्यम शॉकली आणि लुई अल्वारेझ या दोन मुलांची चाचणी झाली आणि दोघेही वगळले गेले. पुढे शॉकलींना १९५६ साली आणि अल्वारेझांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडलेल्या मुलांपैकी एकालाही ते मिळाले नाही.

शब्दांवाचून बुद्धी मोजण्याचे प्रयत्नही झाले. कोह्स यांनी रंगीत ठोकळे जुळवून नक्षी करण्याची कसोटी काढली. भारतात डॉ. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली पाच कृती-कसोट्यांचा संच प्रसिद्ध केला. त्यात ठोकळे जुळवणे, पेटीतील तुकडे सरकवणे, नक्षी काढणे आणि चित्राचे तुकडे जोडणे अशी कामे होती. निरक्षर मुलालाही ती देता येत. कोसबाडच्या टेकडीवर चाललेले काम आणि ही कसोटी यांचा मार्ग वेगळा. परंतु मूल काय सांगते यापेक्षा ते काय करते हे पाहावे, हा विचार दोहोंत एकच होता.

१९७१ साली अमेरिकेत शेपर्ड व मेट्झलर यांनी एक सुंदर प्रयोग केला. घनांनी बनलेल्या दोन आकृत्या दाखवायच्या आणि त्या एकच आहेत की निराळ्या हे विचारायचे. दुसरी आकृती जितकी अधिक फिरवलेली, तितका उत्तराला अधिक वेळ लागतो असे दिसून आले. म्हणजे माणूस खरोखरच मनात ती वस्तू फिरवून पाहत असतो. १९७८ साली याच आकृत्यांची कागदावरची चाचणी तयार झाली. ती अजूनही वापरली जाते. पुढे संगणक आला. कागदावर बरोबर उत्तरे किती एवढेच कळते. संगणक प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ सेकंदाच्या अंशापर्यंत टिपतो, मुलाच्या कुवतीप्रमाणे पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड देऊ शकतो आणि वस्तू फिरताना प्रत्यक्ष दाखवू शकतो. मात्र कागद हाताने फिरवता येतो, त्यावर खूण करता येते. पडद्यावर ती सोय नाही. शिवाय ज्या मुलाने संगणकाला कधी हात लावलेला नाही, त्याचा निम्मा जीव यंत्र सांभाळण्यातच जातो. म्हणून कागदावरचे गुण आणि पडद्यावरचे गुण तपासून पाहिल्यावाचून सारखे मानता येत नाहीत.

याबाबतीत रॉबर्ट सर्पेल यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी इंग्लंडमधील आणि आफ्रिकेतील झांबिया देशाच्या मुलांना दाखवलेला नमुना निरनिराळ्या साधनांनी करावयास सांगितला. कागद-पेन्सिलीने काढताना इंग्लंडची मुले सरस ठरली. तार वाकवून करताना झांबियाची मुले सरस ठरली, कारण तारेची खेळणी करण्याचा खेळ त्यांच्या गल्लीगल्लीत चालतो. मातीने करताना दोघे बरोबरीचे. मुले तीच, पण साधन बदलले आणि हुशार कोण याचे उत्तरही बदलले. मोजण्यासाठी मुलाच्या हाती आपण काय देतो, यावर मोजमाप अवलंबून असते. बोर्डीच्या अंगणात मुलांच्या हाती शिंपले देणाऱ्या ताराबाईंनी हेच तत्त्व कितीतरी आधी आचरणात आणले होते.

ताराबाईंच्या कामाचा गौरव म्हणून भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण ही पदवी दिली. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे चालू ठेवले. १९९२ साली त्याही गेल्या.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? १९६० साली अमेरिकेत सुमारे चार लाख विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेऊन पुढे त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला गेला. जे पुढे अभियंते व शास्त्रज्ञ झाले, त्यांची अवकाशीय क्षमता शाळकरी वयातच उठून दिसत होती, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आढळले. दुसरी आनंदाची गोष्ट ही की ही शक्ती सरावाने वाढते. २१७ अभ्यासांचा एकत्र विचार करून २०१३ साली हा निष्कर्ष मांडला गेला. मिशिगनमधील एका अभियांत्रिकी विद्यापीठात १९९३ पासून शेरिल सॉर्बी यांनी चाचणीत मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी खास वर्ग चालवला. त्यांत मुलींचे प्रमाण अधिक होते आणि या वर्गाचा त्यांना चांगला लाभ झाला. तेव्हा मुलीला आकृत्या जमत नाहीत, हे वाक्य घरात कोणी उच्चारू नये.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, शिष्यवृत्ती परीक्षेतील आरशातील प्रतिमा, घडी घातलेला कागद, आकृतीतील त्रिकोण मोजणे हे प्रश्न याच शक्तीचे आहेत. नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतही आकृत्यांचे ४० प्रश्न असतात. वास्तुशास्त्राच्या जेईई परीक्षेत तर कागद आणि संगणक दोन्ही भेटतात : गणित व अभिक्षमता संगणकावर, चित्रकला कागदावर. तेव्हा दोन्हींचा सराव करा. पण केवळ नमुना प्रश्नपत्रिका सोडवीत बसू नका. खरा कागद घडी घालून कापून पाहा, साबणाच्या वडीवर चाकूने काप घेऊन कापलेला भाग कसा दिसतो ते पाहा, शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा आठवून काढा.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या समाजात शिंपी, सुतार, गवंडी, विणकर, मिस्त्री यांची घरे पुष्कळ आहेत. कापड बेतणे, लाकडाचा सांधा बसवणे, यंत्र जोडणे या कामांत जी बुद्धी लागते तीच पुढे भूमितीत, नकाशात, शस्त्रक्रियेत आणि यंत्ररचनेत लागते. म्हणजे इल्म आणि हुनर हे एकमेकांचे वैरी नाहीत. मुलाने शिक्षण सोडून धंद्याला लागावे असा याचा अर्थ मुळीच नाही. उलट त्याच्या हातांतली ही बुद्धी ओळखून ती शाळेत पुढे कशी जाईल हे पाहावे, असा आहे. आठवड्यातून एखादा तास मुलाला आपल्याजवळ बसवा, माप घ्यायला लावा, अंदाज विचारा आणि मग मोजून ताळा पाहा. चुकले तर रागावू नका. दट्ट्याप्रमाणे त्याची चूक त्यालाच दिसू द्या.

एक विनंती शाळांनाही. कोणत्याही एका चाचणीवरून, मग ती कागदावरची असो की संगणकावरची, मुलाच्या बुद्धीवर कायमचा शिक्का मारू नये. चाचणी जरूर घ्यावी, पण तिच्याबरोबर मुलाला हाताने काही करायला देऊन शांतपणे पाहावे. ताराबाईंनी बोर्डीच्या अंगणात बसून हेच केले. गुणपत्रिकेत मागे पडलेले आपले एखादे मूल अशा नजरेची वाट पाहत असेल. ती नजर आपल्या प्रत्येक घरात आणि वर्गात लाभो, हीच सदिच्छा.